वायर वहिनींच्या, हवा उस्तादची

पेट्रोल पंपामागच्या गल्लीत उस्तादचं गॅरेज होतं. कित्येक वर्षं लोक दारात गाडी लावून हाक मारायचे ती उस्तादलाच. मुलगी लग्न होऊन गेली, घर खायला उठलं, तेव्हा बायको म्हणाली, "मीही येऊन बसते गॅरेजात."

तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यामुळे सोल्डरचा डाग द्यायला, वायर जोडायला ती लहानपणीच शिकली होती. सुरुवातीला ती नुसते फोन घ्यायची. मग कुणाचा हॉर्न, कुणाचा वायपर, असं करता करता सगळं वायरिंग तिच्याकडे गेलं. वर्ष फिरेपर्यंत गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "वहिनी आहेत का?"

"आहेत की," उस्ताद हसून म्हणायचा. आणि पोटात दुखायचं. दुसऱ्या कुणाचा हेवा वाटला तर माणूस बायकोजवळ बोलून मोकळा होतो. इथे बायकोचाच हेवा. सांगायचं कुणाला?

शेवटी त्याने वाटणीच करून टाकली. "वायर तुझ्या. पेट्रोल आणि हवा माझी. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचं हे 'बरं'सुद्धा त्याला झोंबलं.

अशात दातांचे डॉक्टर त्यांच्या वडिलांची जुनी गाडी ओढून घेऊन आले. कार्ब्युरेटरचा जमाना होता तेव्हा ही इंजेक्शनची, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी. त्या काळातली नवलाई. "सकाळी थंड असताना पहिल्या चावीला सुरू होते," डॉक्टर म्हणाले, "पण जरा गुरगुरते आणि मान टाकते."

"पेट्रोलचं दुखणं," उस्ताद म्हणाला. तेवढ्याने गाडी त्याच्या वाटणीत आली.

त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले. रोज सकाळी गाडी झोकात सुरू व्हायची आणि त्याने चावी सोडली की बंद पडायची. एकदा मागच्या सीटजवळ कान लावला तेव्हा कळलं, आधी टाकीतलं पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या पंपाची गुणगुण थांबते आणि मग इंजिन. म्हणजे पंपाची वीज तुटत होती. वीज म्हणजे वायर. हे त्याला त्याच क्षणी समजलं होतं. पण तसं बोलायला जीभ उचलेना. चार हातांवर बायको एका दिव्याचं काम करत बसली होती. तिला हाक मारायची सोडून त्याने पंपच नवा घातला.

गाडी सुरू झाली. बंद पडली.

संध्याकाळी डॉक्टर डोकावले. "वहिनींना दाखवलंत का?"

उस्तादचा तिळपापड झाला. "दात दुखतो म्हणून तुम्ही माणसाला कानाच्या डॉक्टरकडे पाठवता का?"

"कधी कधी पाठवतो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "दुखणं कानाचंच निघतं."

डॉक्टर गेले. उस्ताद बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "अगं, जरा बघतेस?"

तिने हवेचा फिल्टर काढला. त्याच्यापुढे एक झडप होती. इंजिनाने हवा ओढली की ती उघडते, आणि ती उघडी असेपर्यंतच पंपाला वीज मिळते. चावी पिळून स्टार्टर फिरतो तेवढ्यापुरता पंप झडपेशिवायही चालतो. तिने नुसती चावी लावून बोटाने झडप ढकलली. मागे पंप गुणगुणला. बोट काढलं, थांबला.

"वायर ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "झडपच उघडत नाहीये. आणि ती हवेने उघडते. म्हणजे दुखणं तुमच्या वाटणीतलं."

झडपेकडून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी त्याने हाताने वाकवली. खालच्या बाजूला, एका घडीत, बोटभर चीर होती. नळी वाकली की ती तोंडासारखी उघडायची. इंजिन या चोरवाटेने हवा ओढत होतं आणि झडपेला पत्ताच नव्हता. थंड इंजिनाला मिळणाऱ्या जादा पेट्रोलवर ते क्षणभर धरायचं, तेवढंच. दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवली आणि गाडी दुपारपर्यंत चालू ठेवली. बंद पडली नाही.

"वहिनी, कमाल केलीत!" डॉक्टर म्हणाले.

"मी नाही, ह्यांनी पकडलं."

"हा तुमचा मोठेपणा."

उस्तादला वाटलं, हातातला पाना गिळून टाकावा. डॉक्टर गेल्यावर तो फाटकन बोलला, "चीर मी शोधली!"

"मी तेच सांगितलं की."

"तुझ्या सांगण्यानेच तर जास्त जळलो."

ती हसली नाही. हत्यारं पुसत म्हणाली, "आणि मी? रोज घरी येऊन तुम्ही गाड्यांच्या गोष्टी सांगायचात. अमक्याने पाठ थोपटली, तमका खूश झाला. मी भांडी घासत ऐकायचे. इतकी जळायचे की कधी कधी ताट मुद्दाम आपटायचे."

"मला वाटायचं हातातून निसटलं."

"तेच वाटावं म्हणून आपटायचे."

वाटणी त्या दिवसापासून मोडली. आता अडलेल्या गाडीत दोघांची डोकी एकदमच वाकतात, आणि भांडणंही तिथेच होतात. उस्तादचा हेवा मात्र गेलेला नाही. फरक इतकाच की तो आता जेवताना सांगून टाकतो, "आज फार जळलो बघ." कुठल्या गिऱ्हाइकाने तिचं कौतुक केलं म्हणून, ते ती तपशिलात विचारते, आणि तोही काही राखून न ठेवता सांगतो.