घरची गोळी

ब्लॅकटाउनच्या त्या क्लिनिकमध्ये मी पहिल्याच दिवशी खोटं बोलले, आणि आपण खोटं बोलतोय हे मला ठाऊकही नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिनं विचारलं, "एनी मेडिसिन्स? पेनकिलर्स?" मी ठणकावून "नो" म्हटलं. पर्समध्ये आईनं दिलेल्या गोळ्या होत्या. पण घरून आलेली गोळी आपल्याकडे औषधात धरतं कोण? तिची जागा ओव्याच्या डबीशेजारी.

मी इथे परदेशात वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. दिवसभर माणसांची कूस बदलायची, व्हीलचेअर ढकलायच्या. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारा उजव्या कोपराचा टेंडन वर्षभर ठणकत होता. आराम झाला, पट्टा झाला, व्यायाम झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, शॉकवेव्ह करून बघ. सुपरवायझर म्हणाली, "पाच सेशन होऊ देत, मग बघू." कॅज्युअल, म्हणजे शिफ्टपुरतं बोलावलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हात चालला नाही तर शिफ्ट नाही.

त्याहून वाईट म्हणजे, एका आजींना खुर्चीत बसवताना माझी पकड सुटली होती. त्या धपकन बसल्या, लागलं नाही. "नो वरीज, लव्ह," म्हणाल्या. मी कुणाला काही सांगितलं नाही.

नावात शॉक असला तरी त्या उपचारात विजेचा झटका नसतो. कोपराला जेल लावायचं, त्यावर पिस्तुलासारखं यंत्र टेकवायचं, की टकटकटक धक्के सुरू. खलबत्त्यात वेलदोडे कुटावेत तसे, फक्त वेलदोड्यांच्या जागी माझं कोपर.

"दहापैकी किती दुखतंय?" ती विचारायची.

"तीन."

"यू आर टफ!" म्हणत ती जोर वाढवायची. मला काय धन्य वाटायचं! आमच्या घरात कण्हण्याला कधी किंमतच नव्हती. सांगून दुखायचं थांबतं का, असं आई म्हणायची. परक्या मुलीसमोर तोंडातून हाय निघू नये म्हणून मी प्रत्येक सेशनच्या तासभर आधी एक गोळी घ्यायचे. पिशवीवर आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'अंगदुखी'. आतल्या पट्ट्या अर्ध्या वापरलेल्या, कात्रीनं कापलेल्या. आईचा चिकटपणा म्हणून मी हसले होते.

चौथ्या सेशनपर्यंत चहाचा कपही उजव्या हातानं उचलवेना. ती मुलगी माझ्या नोंदी पुन्हा पुन्हा बघत होती. मी रुमाल काढायला गेले आणि पिशवी खाली पडली.

"हे काय?"

मी सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं स्टूल ओढलं आणि शांतपणे समजावलं. जुनं दुखणं शरीरानं वाऱ्यावर सोडलेलं असतं. धक्के देऊन ते पुन्हा जागं करायचं, म्हणजे शरीर तिकडे लक्ष देतं. या गोळ्या नेमकं ते जागं होणंच दाबतात. शिवाय जोर किती ठेवायचा हे ती माझ्या 'तीन'वरून ठरवत होती, आणि तो आकडा गोळीनं कमी केलेला.

"मग आधीचे तीन सेशन वाया गेले?"

"कदाचित थोडा फायदा गेला असेल. नक्की सांगता येत नाही." मग पट्टी उलटसुलट बघत तिनं विचारलं, "या कुणाला लिहून दिल्या होत्या?"

मी पिशवीवरचं 'अंगदुखी' पुन्हा वाचलं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती.

"आई, त्या गोळ्या कुणाच्या होत्या?"

"संपल्या का? कुणी येणार असेल तिकडे तर पाठवते."

"कुणाच्या होत्या, सांग ना."

"माझ्याच. खांद्याच्या. तुला तिकडे एवढं काम, मी काय, घरीच तर असते."

"कधीपासून दुखतोय खांदा?"

"झाली असतील चार-पाच वर्षं. त्यात सांगायचं काय?"

मला इतका संताप आला की रडू फुटलं. तिचा आला की माझा, कळेना. दुसऱ्यांच्या आयांना मी रोज वाकून वाकून विचारते, कुठे दुखतंय का. हिला एकदाही विचारलं नव्हतं.

"ते राहू दे. तुझा हात कसा आहे?"

'बरा आहे' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही गं, बरा नाही. खूप दुखतो. त्या दिवशी एका आजींना पाडलं असतं मी."

आईनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला, जरा मागे सरकली आणि उजवा हात वर उचलायला लागली. तो खांद्यापर्यंतही पोचला नाही.

"माझा एवढाच जातो," ती म्हणाली.