संगणक सुरू करू नका

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलच्या दारातच सुरक्षारक्षकानं माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर जाड मार्करनं लिहिलं होतं, ‘कुठलाही संगणक सुरू करू नका.’ सर्व्हरची काही दुरुस्ती निघाली असेल असं समजून मी तो घडी करून खिशात टाकला आणि वर गेले.

मी रेडिऑलॉजिस्ट. शिकले नागपूरला, आणि आयर्लंडमध्ये ते माझं सहावं वर्ष होतं. दिवसभर मोठ्या पडद्यांसमोर बसून माणसांची फुप्फुसं, यकृतं, मेंदू बघायचे आणि काय दिसतं ते लिहायचं, हे माझं काम. आमच्या खोलीत एरवी दिवे मंद असतात आणि पडदे उजळ. त्या दिवशी सगळे पडदे काळे होते आणि कुणीतरी ट्यूबलाइट लावली होती. इतक्या वर्षांत त्या खोलीच्या भिंतींचा रंग मी पहिल्यांदा नीट पाहिला.

आमची मुख्य तंत्रज्ञ, पन्नाशीची बाई, टेबलावर कार्बन पेपर कापत बसली होती. गेलं वर्षभर कोविडमध्ये तिला मी एकदाही घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

“आपलंच हॉस्पिटल नाही,” ती म्हणाली. “देशभरात हेच आहे. कुणीतरी आत शिरलंय. सगळ्या फायलींना कुलूप घातलंय आणि किल्लीसाठी पैसे मागतायत.”

“कोण?”

“कुणास ठाऊक. रशियाच्या बाजूचे असावेत असं रेडिओवर म्हणत होते.” कात्री खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. “पण आपण तर तटस्थ देश. आपण कुणाचं काय वाकडं केलंय?”

त्याच वर्षी या चिमुकल्या देशाला जगाच्या सुरक्षेचे निर्णय घेणाऱ्या मोठ्या टेबलाशी दोन वर्षांपुरती खुर्ची मिळाली होती, आणि लोकांना त्याचं केवढं कौतुक होतं. इथे आम्हाला पेशंटचा जुना एक्स-रे उघडता येत नव्हता.

सीटीचं मशीन चालू होतं, पण स्कॅन फक्त मशीनच्याच छोट्या पडद्यावर दिसत होता. मी खुर्ची ओढून तिथेच बसले. रिपोर्ट हातानं लिहायचा, आणि तो वॉर्डात न्यायला कुणीतरी जिन्यानं पळत जायचं. रक्ताचे रिपोर्टही असेच चिठ्ठ्यांवर येत होते. एका चिठ्ठीवरचा आकडा एक आहे की सात, यावर दोन डॉक्टर कॉरिडॉरमध्ये भांडत होते.

साडेदहाच्या सुमारास नावन गावाच्या पुढच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. साठीच्या, गाई पाळणाऱ्या, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. २०२०च्या सुरुवातीला त्यांच्या उजव्या फुप्फुसात एक बारीक ठिपका दिसला होता. काही महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं होतं, पण लॉकडाउनमध्ये तारीख पुढे पुढे ढकलली गेली. आज अखेर स्कॅन झाला. ठिपका तिथेच होता, चण्याच्या दाण्याएवढा.

एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो जुना व्रण असू शकतो, कॅन्सरही असू शकतो. तो वाढलाय का, हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पहिल्या स्कॅनमध्ये होतं. तो स्कॅन कुलपात होता.

पहिला रिपोर्ट मीच लिहिला होता, बाईंच्या अपॉइंटमेंटच्या पत्रावर माझं नाव होतं. डोळे मिटून तो ठिपका आठवायचा प्रयत्न केला. हजारो फुप्फुसांतून एक ठिपका कसा आठवणार? ‘फारसा बदल नाही’ असं लिहून टाकावं, असा विचार क्षणभर मनात आला. बाहेर स्ट्रेचरची रांग होती. तो विचार आला याचीच मला इतकी भीती वाटली, की मी पेन खाली ठेवून स्वतः बाईंना भेटायला गेले.

सगळं सांगितल्यावर मास्कच्या वर त्यांचे डोळे मोठे झाले. “म्हणजे तिकडे कुठेतरी बसलेल्या त्या कोण्या बाबाला माझ्या फुप्फुसाशी काय करायचंय?” त्या हसल्या, पण हसू अर्ध्यातच थांबलं. “आणि तो ते इंटरनेटवर टाकेल? माझ्या नावासकट?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. पेशंटला हे वाक्य मी इतक्या खरेपणानं कधी सांगितलं नव्हतं.

मग बाई अचानक म्हणाल्या, “अहो डॉक्टर, माझ्याकडे त्याची सीडी आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून मी इथूनच मागून घेतली होती. मग सगळं बंद झालं आणि जाणं झालंच नाही. हॉट प्रेसमध्ये टॉवेलांखाली असेल.”

हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांतलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात लोक कपडे सुकवतात. दोन तासांत परत येते असं सांगून बाई गाडीनं निघाल्या. आता सीडी लावायची कशावर? हॉस्पिटलच्या एकाही संगणकाला हात लावायचा नव्हता. मी सँट्रीला आमच्या घरी नवऱ्याला फोन केला. तो सॉफ्टवेअर इंजिनियर, तेव्हा घरूनच काम करायचा.

“अगं, तिथे कुठलंही बटण दाबू नकोस,” त्यानं फोन उचलताच म्हटलं. त्याच्या ऑफिसात सकाळपासून हीच चर्चा होती. आमच्याकडे पुण्याहून आणलेला एक जुना लॅपटॉप होता, सीडी लागणारा. विभागप्रमुखांची परवानगी मिळाली. नवरा तो घेऊन आला आणि पार्किंगमध्येच त्यानं त्याचं वाय-फाय बंद करून दिलं. “मी रोज ज्यांच्यापासून कंपनीचा डेटा वाचवतो, तेच हे,” तो म्हणाला. “पण हॉस्पिटल? हॉस्पिटलवर कुणी हल्ला करतं का गं?”

बाईंनी सीडी आणली तेव्हा तिला लेव्हेंडरचा वास येत होता. लॅपटॉप सीटीच्या पडद्याशेजारी ठेवून मी जुना आणि नवा स्कॅन एका पातळीवर आणले. आधीचा ठिपका मसुराएवढा होता. मी तीनदा मोजलं. तो वाढला होता.

सकाळी मी ते वाक्य लिहून टाकलं असतं तर!

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, “ऑपरेशन कधी?” तेही सांगता येत नव्हतं. शस्त्रक्रियांच्या याद्या रद्द झाल्या होत्या. मी हातानं दोन पानी पत्र लिहिलं, त्याला सीडी जोडली आणि पाकीट बाईंच्याच हातात दिलं. डब्लिनच्या सर्जनकडे ते त्यांनी स्वतः नेऊन दिलं.

घरी आल्यावर बाबांना फोन केला. बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, राहायला कामठीला. नागपुरात तेव्हा ऑक्सिजनसाठी लोकांची धावाधाव चालली होती, म्हणून मी रोज फोन करायचे. त्या दिवशी बराच वेळ मीच बोलत होते.

“गोळी नाही झाडली, बॉम्ब नाही टाकला, अन् अख्ख्या देशाचे दवाखाने बंद पाडले?” बाबा म्हणाले. “कोनतं राष्ट्र होय थे?”

“राष्ट्र नाही बाबा, टोळी आहे म्हणतात.”

“मंग तिले थारा कोन देऊन राहिलं? कोनाच्या तरी जमिनीवर बसले असतीनच ना?” थोडं थांबून ते म्हणाले, “आमच्या टायमाले सरहद्द दिसे तरी पोरी.” बाबांचा आवाज असा हरलेला मी कधी ऐकला नव्हता.

सरकारनं पैसे द्यायला नकार दिला. मग काही दिवसांनी एक गोष्ट घडली. तिनं मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त हादरवलं. त्या टोळीनं किल्ली आपणहून देऊन टाकली, फुकट. विभागात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. देशोदेशीच्या सरकारांचे इशारे, निवेदनं सगळं एकीकडे, आणि आमचे पेशंट कधी बरे करायचे हे ठरवणार ती अनोळखी माणसं? किल्ली मिळूनही सगळं सुरळीत व्हायला महिने गेले.

बाईंचं ऑपरेशन जूनच्या शेवटी झालं. फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला, पण गाठ पसरलेली नव्हती. ऑक्टोबरात त्या तपासणीला आल्या. चालताना धाप लागत होती. “ग्रँड आहे मी,” म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत ‘अगदी ठीक’. नवा स्कॅन स्वच्छ होता. मी मे महिन्यातला आणि हा, दोन्ही स्कॅन मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवले.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, “ती माणसं पकडली का?”

“नाही.”

“पकडतील?”

मी नकारार्थी मान हलवली. इतके महिने थट्टा करत आलेल्या त्या बाईंनी कोटाची बटणं एकेक करून लावली. “माझ्या शेजारच्यानं माझं कुंपण तोडलं तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते,” त्या म्हणाल्या. “यांचं दार कुठंय, ते तरी मला कुणीतरी सांगा.”