पहिल्या मॅचला त्र्याऐंशी दिवस

मैदानात कुणी पडलं की सूर्यवंशी सर खुर्चीतून उठून उभे राहत. मैदान अमेरिकेत, सर पलूसला माझ्या घरात, टीव्हीसमोर. रविवारी पहाटे पाच वाजता अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते यायचे, कॅनव्हासचे बूट उंबऱ्याबाहेर एका रेषेत ठेवायचे आणि 'सुरू झालं का वो केमिस्ट?' असं विचारत आत यायचे. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून त्यांच्या लेखी मी केमिस्ट. माझं नाव त्यांनी शेजाराच्या वीस वर्षांत एकदाही घेतलं नाही.

आम्ही बघायचो तो अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं धडक देऊन पाडायचं. सर शाळेत पस्तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते आणि गावाच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. त्यांनी दुसऱ्या मॅचलाच मला समजावून सांगितलं, "ही आपलीच चढाई हाय. फकस्त दम न्हाई घेत, हेल्मेट घालत्यात. चार डावात धा यार्ड. लय सोपं हाय, तुमी उगं आकडं लिवत बसू नका." मैदानाच्या कडेला उभी असलेली शंभरेक माणसं बघून म्हणाले, "अकरा आत आन् शंभर भायेर. म्याच हाय का जेवणावळ?"

पण ते मॅच बघायला येत नव्हते. त्या शंभरांत त्यांचा मुलगा सुधीर होता. सुधीर कराडला फिजिओथेरपी शिकला, पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेला, आणि एका कॉलेजच्या संघाचा फिजिओ झाला. खेळाडू पडला की पिशवी घेऊन आत पळणाऱ्या तिघांतला एक. कॅमेरा एरवी चेंडूमागे असतो. कुणी पडलं आणि उठलं नाही, तरच तो त्या जागी थांबतो. मग गुडघ्यावर बसलेला सुधीर दिसायचा. कधी पाठ, कधी अर्धा चेहरा. सर उभे राहायचे ते त्यासाठी. आणि लगेच हात जोडायचे, ते पडलेल्या मुलासाठी.

"कुणाचं तरी पोरगं पडल्याशिवाय माझं पोरगं दिसत न्हाई," असं ते एकदा म्हणाले. "हे काय बरं न्हवं, केमिस्ट. मी हितं बसून कुणीतरी पडायची वाट बघतोय."

मी सवयीनं कॅलेंडरवर टिपून ठेवत होतो. दोन हंगामांत आपल्या पहाटेच्या तेरा मॅचेस आम्ही पाहिल्या. सुधीर एकवीस वेळा दिसला. सगळं मिळून पाच मिनिटं चाळीस सेकंद.

बाकी बापलेकांचं बोलणं म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फोन. पूर्वी तो आईला यायचा. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, सुधीर आला, नऊ दिवस राहिला, आणि त्या नऊ दिवसांत मी दोघांना एकमेकांशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलताना पाहिलं नाही. फोन तसाच. एकदा माझ्यासमोरच आला.

"तब्येत?"

"बरी."

"गोळ्या?"

"चालू हायत."

सर फोन खाली ठेवून म्हणाले, "झालं. ह्याच्याम्होरं गाडी जात न्हाई." मैदानावर दोनशे पोरांना एका शिट्टीत गप्प करणारा हा माणूस. पालकांना तोंडावर सांगायचा, 'तुमचं पोरगं आळशी हाय, त्याला दूध कमी द्या आन् झाडू जास्ती द्या.' त्याला आपल्या मुलाशी पाचवं वाक्य सुचत नव्हतं.

कारण मला दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या मॅचला कळलं. सुधीरच्या संघाचा सर्वांत चांगला गडी धडकेनं पडला, उठला, आणि दोन पावलं भलत्याच दिशेला चालला. सुधीरनं त्याला बाहेर नेलं. पाच मिनिटांनी तो मुलगा परत आत जायला निघाला, तर सुधीरनं त्याचं हेल्मेट काढून घेऊन पाठीमागे धरलं. हेल्मेट नाही तर खेळता येत नाही. मुलगा ओरडत होता, मग मुख्य कोच येऊन सुधीरच्या तोंडासमोर बोट नाचवू लागला. टीव्हीवाल्यांना हे भांडण आवडलं असावं, त्यांनी ते दोनदा दाखवलं. सुधीर जागचा हलला नाही. संघ हरला.

सर उभेच होते. मॅच संपली तरी बसले नाहीत. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा आणला तो हातात धरून म्हणाले, "असं कराय पायजे हुतं."

"कुणी?" मी विचारलं.

"मी."

मग त्यांनी साताऱ्याची कबड्डीची फायनल सांगितली. सुधीर तेव्हा एकोणीस वर्षांचा, गावाच्या संघाचा डावा कोपरा. सकाळच्या सेमीफायनलला त्याचा गुडघा पिळवटला. संध्याकाळी फायनल. "सुजल्याला गुडगा मी ह्या हातानं बांधला. दुखतंय का म्हणून इचारलं न्हाई. इचारलं असतं तर त्यो व्हय म्हणला असता, आन् मग मला त्याला भायेर बसवाय लागला असता. म्हणून इचारलंच न्हाई. कळतंय का तुमास्नी? इसरलो न्हाई. मुद्दाम इचारलं न्हाई." शेवटची पाच मिनिटं उरली असताना सुधीरनं चढाईच्या गड्याचा चवडा धरला, वरून तिघं पडले आणि गुडघा गेला. दोन गुणांनी फायनल जिंकली. ढाल शाळेच्या कपाटात आहे. सुधीर त्यानंतर खेळला नाही. आता टीव्हीवर पळतो तेव्हाही नीट पाहिलं तर डावा पाय किंचित मागे राहतो. मी ते पाहिलं नव्हतं, सरांनी दाखवलं.

"मग एवढं त्याला सांगा की," मी म्हणालो. "फोन लावून देतो."

"असा कसा लावता? बावीस वर्सांनी फोन करून काय म्हणू, लेका, गुडगा कसा हाय? काय तरी निमित्त लागतंय."

निमित्त मे महिन्यात मिळालं. कॉलेजच्या संकेतस्थळावर सुधीरचा फोटो आला, खाली नवं पद: मुख्य फिजिओ. मी सरांना दाखवलं आणि समजावलं, की मुख्य माणूस कोचच्या शेजारी उभा असतो, आणि कोच दर दोन मिनिटांनी टीव्हीवर दिसतो. सरांनी फोटो मोठा करायला लावला, लहान करायला लावला. मग म्हणाले, "म्हंजी ह्या साली कुणी पडायची गरज न्हाई?"

"नाही."

"नुसता हुबा ऱ्हायला तरी दिसंल?"

"दिसेल."

मी या माणसाला इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं. तिथेच ठरलं. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिकडे पहिली मॅच, आपल्याकडे रविवारी पहाटे पाच. मॅच बघायची आणि संपली की फोन लावायचा. "तुला बघितलं, असं म्हणून सुरू करतो. मग हेल्मेटाचं काढतो. तितनं साताऱ्याला जाता येतंय." त्यांनी चढाई आखावी तसा फोन आखला होता. रस्त्यात भेटले की विचारायचे, "किती ऱ्हायलं?" मी आकडा सांगायचो. सुनंदा म्हणायची, "लग्नाचा वाढदिवस यांना कधी आठवला नाही, आणि तिकडच्या मॅचचे दिवस मोजतायत."

जूनच्या मध्यावर, एका सोमवारी, मी त्यांना सांगलीला दवाखान्यात घेऊन गेलो. भूक गेली होती, डोळे पिवळे दिसत होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने धरून चला. परतताना माधवनगर मागे पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "किती ऱ्हायलं?"

मला आधी कळलं नाही ते कशाचं विचारतायत. मग सांगितलं, "त्र्याऐंशी दिवस."

"आन् डाक्टरचं नव्वद. गावतीया की म्याच." आणि थोड्या वेळानं, "सुधीरला सांगायचं न्हाई. हे दोन-अडीच म्हयनं त्यांचं पोरं तयार करायचं असत्यात. पयल्याच साली मुख्य झालाय, आन् बाप मराय टेकला म्हणून सगळं टाकून यील. मग टीव्हीवर कोण दिसंल? मी हितं त्याचं तोंड बघत बसू? शब्द द्या."

मी शब्द दिला.

सुनंदानं पहिल्या आठवड्यातच मला खडसावलं. "आवं, त्याचा बाप आहे तो. तुमचा शब्द काय चाटायचाय? फोन करा." मी म्हणालो, सरांची अक्कल शाबूत आहे, निर्णय त्यांचा. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत जो आकडा आला तोच लिहिला, कुणी कितीही सांगितलं तरी बदलला नाही. दिलेला शब्दही मला तसाच वाटत होता. जुलैत आणि ऑगस्टात पहिल्या रविवारचे फोन आले. "तब्येत?" "बरी." ऑगस्टच्या फोनच्या वेळी मी शेजारी उशी धरून बसलो होतो, कारण सरांना टेकल्याशिवाय बसता येत नव्हतं. आवाज मात्र त्यांनी मैदानावरचा काढला. फोन ठेवला आणि घाम पुसत मला म्हणाले, "कळलं न्हाई त्याला. कसं?"

शेवटच्या दिवसांत जेवण बंद होतं, पण चौकशी बंद नव्हती. कोच बदलला का, तो चक्कर आलेला गडी ह्या साली आहे का, पहिली मॅच घरच्या मैदानावर आहे ना. "घरच्या मैदानावर असली म्हंजी कॅमेरा आपल्या माणसास्नी जास्ती दावतोय," हे त्यांचं स्वतःचं निरीक्षण. बरोबर होतं. मी नंतर कॅलेंडर काढून ताडून पाहिलं.

मॅचला बारा दिवस राहिले असताना, मंगळवारी दुपारी सर गेले. मी त्याच तासाला सुधीरला फोन केला. तिकडे अजून उजाडलं नव्हतं. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, "काका, पडले का ते?" त्याच्या कामातला प्रश्न. मी सांगितलं.

अग्नी पुतण्यानं दिला. सुधीर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला कृष्णेवर थेट पोचला. तेराव्यापर्यंत राहिला. तेरावा नेमका रविवारी आला. त्या दिवशी पहाटे मॅच होती. टीव्ही कुणी लावला नाही.

संध्याकाळी पाव्हणे गेल्यावर तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. एकेचाळीस वर्षांचा माणूस, कानाजवळ पांढरे केस. मी त्याला सगळं सांगितलं. तेरा मॅचेस, हेल्मेट, मुख्य झाल्याचा फोटो, आखलेला फोन. त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. बाप आपल्याला बघतो, हेच माहीत नव्हतं. शेवटी मी साताऱ्याचं सांगितलं, सरांच्याच शब्दांत, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मुद्दाम इचारलं न्हाई.

सुधीर मान हलवू लागला. "नाही काका. विचारलं होतं."

"काय?"

"दोनदा विचारलं होतं. बँडेज बांधताना एकदा आणि मैदानात पाऊल टाकताना एकदा. दुखतंय का रं? मी दोन्ही वेळा न्हाई म्हणालो. मला खेळायचं होतं. मी पडलो तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, खोटं बोललो म्हणून. अजून तेच वाटत होतं."

त्या दिवसापासून मी हे दोन्ही जबाब समोरासमोर ठेवून पाहतो आहे. दोन नमुन्यांचे आकडे जुळले नाहीत तर आम्ही तिसरा नमुना काढतो. इथे तिसरा नाही. त्या दोघांशिवाय ते ऐकणारं कुणी नव्हतं. एकाला मुद्दाम न विचारल्याचं आठवत होतं, एकाला दोनदा उत्तर दिल्याचं आठवतं. आणि दोघांनीही चूक स्वतःकडे घेऊन बावीस वर्षं काढली. समोरासमोर बसवले असते तर अर्ध्या तासात उलगडलं असतं.

"तुम्हाला केव्हा कळलं होतं, काका?" सुधीरनं विचारलं. "आजाराचं."

मला आकडा गोल करता येत नाही. "गेले त्याच्या एकाहत्तर दिवस आधी," मी म्हणालो. "त्यांनी सांगू नका म्हणून शब्द घेतला होता."

तो म्हणाला, "आमच्याकडं दर आठवड्याला एखादं पोरगं येतं. डोकं गरगरतंय, पण कोचला सांगू नका म्हणतं. शपथ घालतं. रडतं पण."

"मग?"

"मी सांगतो."

तो उठला, मला वाकून नमस्कार केला आणि सरांच्या घराच्या खिडक्या लावायला गेला. तो चिडून बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यानं फक्त त्याचं काम काय असतं ते सांगितलं होतं.