तीन ग्लासांचा भूकंप

“अरे मुनीर, हा काय ढग हाय का? पातेल्यावरची झाकणी पडल्यावानी वाटून राहिलं!”

गोविंदअण्णा पहिल्या रांगेतून ओरडले तेव्हा मी विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेच्या आडोशाला, टांगलेला पत्रा दोन्ही हातांनी झुलवत होतो. नाटकात ढग असाच गडगडवतात. पत्रा हलवायचा, त्याच्यापुढं माइक धरायचा, झाला पाऊस.

“अण्णा, ढगात याच्यापेक्षा जास्त काय असतं?”

“छातीत बसला पाहिजे ढग! माणसानं बायकोचा हात धरला पाहिजे!”

गोविंदअण्णा आमच्या अहमदपूरच्या रंगमंदिराचे अध्यक्ष. रंगमंदिर म्हणायला रंगमंदिर. मुळात ते मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, सोयाबीनचं गोदाम. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, पुढं शटर. ट्रस्टनं एका टोकाला स्टेज बांधलं, बाहेर पाटी लावली आणि मला टेक्निशियन म्हणून ठेवलं. माझे अब्बा लग्नात लाउडस्पीकर लावायचे. त्यांनी अहमदपुरात माइकवर ‘हॅलो’ म्हटलं की उदगीरचं वऱ्हाड पंगतीला बसायचं. मी त्यांचा मुलगा, एवढं क्वालिफिकेशन ट्रस्टला पुरलं.

सकाळी त्याच हॉलमध्ये शिंदे सरांचा केमिस्ट्रीचा क्लास भरायचा. लातूरच्या कोचिंगचं वारं तेव्हा अहमदपुरात असं शिरलं होतं की हदगाव-बिलोलीची पोरं एस.टी.तून उतरून आधी सरांचा पत्ता विचारायची, मग संडासचा. सरांचा आवाज म्हणजे काय सांगू! पहिल्या बाकावरच्या पोराच्या वहीची पानं आपोआप उलटायची. माइक त्यांना मी देतच नव्हतो. स्पीकरची दया यायची.

तर सरांना हॉल दिवसभर पाहिजे होता. स्टेज फोडायचं, घडीच्या खुर्च्या काढायच्या आणि लोखंडी बाकडी बोल्ट मारून फरशीला पक्की करायची, असा प्लॅन. ट्रस्टची निम्मी माणसं सरांकडं झुकली होती, कारण त्यांची पोरं सरांकडं होती. शेवटी अण्णांनी निकाल दिला.

“शनिवारी सुलभाबाईंचं नाटक हाय. हॉल भरला अन् शेवटपर्यंत भरलेला राहिला, तर स्टेज राहील. न्हाई तर सोमवारी वेल्डर बोलावतो. मग मुनीर, तू अन् तुझा पत्रा घरी.”

सुलभाबाई झेडपी शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात गावाकडून नाटक करून घ्यायच्या. नाटकात एक वऱ्हाड वादळात अडकतं आणि नवरदेवाचा आजा त्या वादळातच प्राण सोडतो. म्हणजे सगळी मदार ढगावर.

मी हट्टाला पेटलो. बँडवाल्या सलीमकडून त्याचा बास स्पीकर आणला. बास म्हणजे आवाजाची खालची बाजू. ती कानाला कमी ऐकू येते, पोटाला जास्त. स्पीकर असा की दोघांनी उचलला तर तिसऱ्याला त्या दोघांना उचलायला लागावं. पत्र्याचा माइक त्याला जोडला आणि विंगेत बसवला. रिकाम्या हॉलमध्ये हळूच एकदा वाजवून बघितला. माझ्या शर्टाचं बटण तुटलं. म्हटलं, आता अण्णा अख्ख्या गावासमोर काकूंचा हात धरतात का नाही, बघतोच.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात घरोघरी एक रिवाज पडला होता. झोपताना फळीवर स्टीलचे ग्लास उलटे, एकावर एक रचून ठेवायचे. जमीन हलली की ग्लास पडणार, जाग येणार. वर्षं गेली, घरं नवी झाली, पण कितीतरी घरांतले ग्लास तसेच राहिले. आमचे वॉचमन कोंडिबामामा हॉलमध्येच झोपायचे. त्यांचे तीन ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर कायम. मला ते रोज दिसायचे, म्हणून दिसतच नव्हते.

शनिवारी हॉल भरला. कसला भरला! हवेला आत यायला जागा नव्हती. सरांच्या क्लासची पोरं, त्यांचे आईबाप, मोंढ्यातले आडते, सगळे. शेवटच्या रांगेत खुद्द शिंदे सर, खिशात मोजपट्टी. अंक चालू असताना खाली वाकून बाकड्यांसाठी फरशीचं माप घेऊन राहिले होते.

दुसऱ्या अंकात वादळ आलं. मी ब्लॅकआउट दिला, म्हणजे सगळे दिवे बंद. रस्त्याचा उजेड येऊ नये म्हणून शटर आधीच निम्मं खाली ओढलेलं. आजानं प्राण सोडला. मी पत्रा झुलवला.

ढग छातीत बसला. वरचे पत्रे गुरगुरले, खुर्च्या थरथरल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणी जागचं हललं नाही. नाटकातला ढग आहे, सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्या अंधारात कोंडिबामामांचे तीन ग्लास फरशीवर पडले. खण्ण, खण्ण, खण्ण.

हा आवाज लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

“हाललं! पळा!”

सगळ्यांत आधी मेलेला आजा पळाला. पाठोपाठ वऱ्हाड. खुर्च्या धडाधड मिटल्या, पोरं रडायला लागली आणि सगळा हॉल त्या निम्म्या शटरकडं लोटला. तिथं वाकल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं आणि वाकेल तो तुडवला जाणार होता.

मी हॉलचे दिवे लावले. इथं दुसरी फजिती. हॉलमध्ये ट्यूबलाइट होत्या आणि ट्यूबलाइट एकदम लागत नाही, आधी लुकलुकते. त्या लुकलुकण्यात भिंती खरोखर हलताना दिसल्या. लोक आणखी जोरात ओरडले. मी पत्र्यापुढचा माइक उचलला आणि म्हणालो, “भूकंप नाही!” अशा वेळी माणूस पहिला शब्द ऐकतो, दुसऱ्यासाठी थांबत नाही.

तेवढ्यात माझ्या हातातला माइक कुणीतरी हिसकावला. शिंदे सर. खुर्च्यांवरून उड्या मारत शेवटच्या रांगेतून स्टेजवर आले होते.

“बसा खाली!”

माइक, त्यावर सर, त्यावर सलीमचा बास. खरा भूकंप असता तरी खाली बसला असता.

“वर बघा! पंखा हलून राहिला का? बघा पंख्याकडं!”

नाटकात संवाद ऐकू यावेत म्हणून पंखे बंद ठेवतात. लोकांनी माना वर केल्या. बारा पंखे, बारा गुरुजींसारखे स्तब्ध.

“जो उभा दिसेल, त्याच्या बापाला बोलावीन!”

शटरजवळून आवाज आला, “सर, मी बापच हाय!”

“मग तुम्ही आधी बसा!”

कुणीतरी हसलं. मग दहा जण हसले. सरांनी दम घेतला आणि हजेरी सुरू केली. “रोल नंबर एक!”

“प्रेझेंट सर!”

एकेक नंबर आला, एकेक पोरगं जागेवर बसलं आणि पोराचा आवाज ऐकून त्याची आई बसली. चाळीस नंबर होईपर्यंत शटरजवळ कोंडिबामामा सोडून कुणी उरलं नव्हतं. ते ग्लास गोळा करत होते. एका काकूंचा गुडघा खरचटला होता. बाकी सगळे धड.

सुलभाबाई विंगेतून बाहेर आल्या. “आता इथून पुढं चालू करू का?” त्यांनी प्रेक्षकांनाच विचारलं. लोक म्हणाले, “आधी आजाला आणा!” आजा बाहेरून आला, नमस्कार केला, जागेवर पडला आणि परत मेला. त्याला जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या आमच्याकडं आमदाराला पडत नाहीत. नाटक शेवटपर्यंत झालं आणि शेवटपर्यंत हॉल भरलेला होता.

अण्णांनी निकाल तिथंच दिला. मिटून पडलेल्या खुर्च्यांकडं बोट दाखवून म्हणाले, “ह्या खुर्च्या ढकलल्या की सरकल्या म्हणून माणसं वाचली. लोखंडी बाकडी ठोकलेली असती तर आज आपण सगळे दवाखान्यात असतो. बाकडी न्हाई. स्टेज हाय तिथं ऱ्हाईल.” मग माझ्याकडं वळले. “अन् ढग जरा कमी कर.”

या धंद्यात मी एवढं शिकलो की आवाज किती मोठा करायचा हे साहेब सांगतो, पण तो कशाकशाला लागणार हे आपण आधी हॉलमध्ये फिरून बघायचं. तेव्हापासून शोच्या आधी मी खिडक्या तपासतो आणि शटर पूर्ण वर ठेवतो. रस्त्याचा उजेड येतो तर येऊ दे.

लोक पांगल्यावर मी सरांना गाठलं. ते बाहेर मोटरसायकलला किक मारत होते.

“सर, एक विचारू? तुम्ही गप बसून राहिला असता तर सोमवारी हॉल तुमचा होता. मग माइक का घेतला?”

सरांनी गाडी सुरू केली.

“उद्या सकाळी पोरांची टेस्ट आहे,” ते म्हणाले.