दुसऱ्यांदा उघडलेली दाढ

माझी वरची उजवी दाढ ठणकायला लागली तेव्हा मी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर डाव्या बाजूने चावायला लागले. नवऱ्याच्या लक्षात येऊ नये म्हणून.

आम्ही दोघंही दातांचे डॉक्टर. रत्नागिरीत मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा दवाखाना आहे. लहान मुलांचे दात आणि कवळ्या माझ्याकडे, रूट कॅनॉल त्याच्याकडे. पेशंट घाबरला की मी जवळ जाऊन सांगते, "अहो, त्यांचा हात अगदी हलका आहे. माझी स्वतःची दाढ त्यांनीच केलीय." आणि दुखत होती ती नेमकी तीच.

एका दुपारी तो जेवायला घरी गेला असताना मी माझा एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला. म्हणजे आत पुन्हा पू धरला होता. दाढ उघडायची, त्याने भरलेलं सगळं काढायचं आणि नव्याने भरायचं, दुसरा इलाज नव्हता. मी तो एक्स-रे कॉम्प्युटरवरून पुसून टाकला.

त्याला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण खरं तसं नव्हतं. त्या दाढेत आता मला त्याचा हात नको होता. लोकांना ज्या हाती सोपवायचं, त्याच हाती स्वतःचं तोंड द्यायला माझी तयारी नव्हती.

खेडला एक तरुण डॉक्टर आहे. मुंबईला रूट कॅनॉलचंच वेगळं शिक्षण घेऊन गावी परतलेली. बिघडलेल्या दाढा दुरुस्त करण्यात तिचं नाव झालंय. माझी मावशीही खेडलाच असते. "मावशीला बघून येते," मी नवऱ्याला म्हटलं. त्याने सकाळी बाजारातून ओले काजूगर आणले, मावशीला आवडतात म्हणून, आणि स्टेशनवर सोडताना पिशवी माझ्या हातात दिली.

ती पिशवी घेऊनच मी खेडच्या दवाखान्यात जाऊन बसले. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. राजापूरच्या काकू, आमच्या जुन्या पेशंट.

"अगो बाई, डॉक्टर! तुम्ही इथे?" त्या दचकल्या आणि लगेच आवाज खाली आणून म्हणाल्या, "लेकीकडे आलेय. तीच म्हणाली, इथे दाखवून घे. साहेबांना नका हो सांगू. किती मन लावून केलं होतं त्यांनी! मग मी कुठल्या तोंडाने येऊ तुमच्याकडे?"

"नाही सांगत," मी म्हटलं.

"तुम्ही काय, मैत्रिणीला भेटायला आलात?"

मी मान हलवली. ती होय होती की नाही, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात आतून हाक आली, "रत्नागिरीच्या मॅडम, या. रूट कॅनॉल पुन्हा करायचंय ना?" काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली आणि पदर सारखा करत बसल्या. माझ्या वाटची लाजही जणू त्यांनीच लाजून घेतली.

डॉक्टरने नवा एक्स-रे काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. "आधी कोणी केलंय हे?"

"गावातल्याच एकाने," मी म्हटलं. "झाली बरीच वर्षं."

मी त्याच्याशी संसार करतेय. गावातल्याच एकाशी.

"भरलंय छान," ती म्हणाली. "पण मला वाटतं, मुळातली एक नळी भरायची सुटलीय. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही, त्यांचाही इलाज नसेल." मग मी याच धंद्यातली म्हणून तिने हत्यारांचा ट्रे माझ्यासमोर धरला. एका बाजूला मोटरवर फिरणाऱ्या फायली, जुनं भरण भराभर उपसून काढणाऱ्या. दुसऱ्या बाजूला हाताने चालवायच्या, सुईसारख्या बारीक. "मॅडम, भरण घट्ट बसलंय. मोटर लावली तर लवकर निघेल. काय करूया?"

"वरचं मोटरने काढा," मी म्हटलं. "खाली मात्र नको. टोकाशी मूळ टाळूच्या बाजूला वळतं. तिथे हाताचीच फाइल घ्या."

तिने एक्स-रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टाळूकडे वळलेलं एक्स-रेत दिसत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

मला कळलं होतं, कारण दाढ करताना नवरा माझ्या कपाळाशी पुटपुटला होता, "टाळूकडे वळतेय गं ही, जरा थांबावं लागेल." आणि तो थांबत थांबत, मला दुखणार नाही अशा बेताने काम करत राहिला होता.

"असं वाटलं आपलं," मी म्हटलं आणि तोंड उघडून बसले. तोंड उघडं असलं की बोलावं लागत नाही, ही मोठी सोय.

गाल बधिर झालेला, ओठ एका बाजूला ओघळलेला. असल्या तोंडाने मावशीकडे जाणं शक्यच नव्हतं. काजूगरांची पिशवी मी फलाटावर बसलेल्या एका अनोळखी बाईला देऊन टाकली.

रत्नागिरीला नवरा गाडी घेऊन आला होता. "मावशी कशी आहे? काजूगर आवडले?"

"हो, खूप." माझ्या तोंडातून शब्द वाकडाच निघाला.

त्याने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली. भरण मऊ करायला जो द्राव वापरतात त्याला संत्र्याच्या सालीचा वास येतो. तो वास गाडीभर झाला होता. 'का' असं त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"काय वापरलं तिने?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. वर मोटर, खाली हाताची फाइल.

"बरोबर," तो म्हणाला. "तिथे वळण आहे." आणि गाडी सुरू केली.

पुढच्या वेळी तो दवाखाना बंद ठेवून माझ्याबरोबर खेडला आला. मी नको म्हटलं नाही, म्हणायला तोंड नव्हतं. आत गेल्यावर मी ओळख करून द्यायला लागले, "हे माझे मिस्टर," आणि तिथेच अडखळले. तो सरळ म्हणाला, "आधीचं काम माझंच आहे, डॉक्टर. कुठे चुकलं ते बघायला आलोय."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्चीचे हात मी घट्ट धरले.

नंतर तोंडावर रबराचा पडदा ताणलेला, डोळ्यांवर दिवा, आणि माझ्या डोक्यावर दोघांचं बोलणं चाललेलं. सुटलेल्या नळीचं तोंड उघडायला तिने कंप पावणारं बारीक टोक निवडलं. "हे घेऊ की जाड?" तिने त्याला विचारलं. मला वाटतं, मुद्दामच विचारलं. तो म्हणाला, "बारीकच. आणि आत जाताना फायलीचं टोक जरासं वाकवून घ्या." तिने त्याला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. तो वाकला, आणि त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागला.

"इथेच होती की," तो हळूच म्हणाला.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने लगेच हात थांबवून विचारलं, "दुखतंय?" मी मान हलवून नाही म्हटलं.

दाढ आता बरी आहे. मुळाशी हाडही भरत आलंय. मावशीकडे मी नंतर खरंच जाऊन आले. तिला यातलं काही माहीत नाही. राजापूरच्या काकू अजून आमच्याकडे आलेल्या नाहीत.

मागच्या महिन्यात दातांचं सामान पुरवणारे गृहस्थ आले. नवऱ्याने त्यांच्याकडून भिंगाचा चष्मा मागवला आणि कंप पावणारी टोकं टेबलावर मांडायला सांगितली. "डॉक्टर, ही तुम्ही कधी घेत नव्हता," ते म्हणाले. "पुन्हा करायच्या केसेस वाढल्या का?"

"घरातलीच एक होती," तो म्हणाला. मग दोन टोकं तळहातावर घेऊन त्याने हात माझ्यापुढे केला. "यातलं कुठलं? तू सांग. तुझ्या दाढेत जाऊन आलंय."

त्याच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता. मी बारीक टोकावर बोट ठेवलं, आणि बाहेर पेशंट खोळंबलाय असं सांगून उठले. बाहेर कोणीच नव्हतं.