डॉक्टरांशी सावड

"आ करा. अजून. हां, आता जीब वर."

असं म्हणत ते खिशातून न्हाव्याकडे असतो तसला लहान आरसा काढायचे, उन्हाकडे तिरपा धरायचे आणि उन्हाचा कवडसा समोरच्या माणसाच्या तोंडात सोडायचे. हनुवटीला हात न लावता, दोन पावलं लांब उभे राहून. एका गालाच्या आत, दुसऱ्या गालाच्या आत, जिभेखाली. मग आरसा पुन्हा खिशात. "मिटा. आता सांगा, ताप येऊन गेला का?"

खरं तर त्यांची नोकरी फक्त शेवटच्या प्रश्नाची होती. ते मलेरियाचे कामगार. भाटघरपासून हिर्डोशीपर्यंत दर पंधरा दिवसांनी घरोघर जायचं, कुणाला ताप आला असेल तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि दाराशेजारी भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख घालून पुढचं घर गाठायचं. गावं त्यांना रगतवाले म्हणत. भोरला आमच्या आळीत ते सगळ्यांचे मामा होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडलं असतं की नाही, मला नक्की सांगता येत नाही.

तुमच्याही भागात मलेरियावाले येत असतील, भिंतीवरची ती चौकट तुम्ही पाहिली असेल. पण तोंडात डोकावणारा मलेरियावाला पाहिला नसेल. भाटघरच्या एका म्हाताऱ्यांना तर संशयच आला होता. ते म्हणाले, "रगत झालं, आता दात मोजाय लागलं. उद्या दातांवर पट्टी बसवतील." मामा गंभीरपणे म्हणाले, "तुमाला माफ हाय, बाबा. चारच तर ऱ्हायलेत."

वरच्या अंगाला शेळ्या राखणारी एक आजी होती. आम्ही बौद्ध, हे तिला ठाऊक होतं. ती ओट्यावरूनच म्हणाली, "लांबून बग." मामा म्हणाले, "लांबूनच बगतो, आज्जी. ऊनबी लांबूनच येतंय." त्या दिवशी मी बरोबर होते. परतताना मी रागानं काहीबाही बोलले. ते थोडं चालले आणि म्हणाले, "तिचं तोंड दिसलं का न्हाई? मग झालं."

हे त्यांनी का सुरू केलं, ते मला एकदाच सांगितलं.

"एक गडी व्हता. गालाला फडकं बांधून बसायचा. दर पंधरवड्याला म्या जायाचो, ईचारायचो, ताप? तो मान हलवायचा, न्हाई. म्या भिंतीवर तारीख घालायचो, पुढं जायाचो. वरीसभर. मग एक डाव गेलो तर चौकट हाय, गडी न्हाई. सगळ्या तारखा माझ्याच हातच्या."

त्यानंतर ते भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेले आणि तोंडातला कॅन्सर सुरुवातीला कसा दिसतो ते शिकून आले. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तंबाखूचा बार धरायच्या जागी लागणारं टणक काही. शिकवताना डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, शोधून उपयोग नाही, आपली माणसं पुण्याला जात नाहीत; गेली तर दारावरच्या गर्दीला भिऊन परत येतात; आणि उपचार सुरू झाले तरी अर्ध्यावर निघून येतात.

त्याच दवाखान्यात पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलातून छापील कार्डं येत. इंग्रजीत. त्यांना उत्तर कुणीच देत नसे. मामा तो गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले, कारण मी नुकतीच पुण्याच्या कॉलेजात जाऊ लागले होते आणि आळीतली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला धड अर्धंही समजेना. डिक्शनरी घेऊन बसले तेव्हा कळलं, की पूर्वी उपचार झालेल्या माणसांविषयी ती चौकशी होती. माणूस हयात आहे का, जेवता येतं का, जखम पुन्हा उघडली का.

मामांनी कार्डं पुन्हा नीट चळतीला लावली. मग म्हणाले, "म्हंजी त्यांनाबी कळत न्हाई, माणसाचं पुढं काय झालं ते?"

वेल्हे तालुका त्यांच्या हद्दीत नव्हता. तिकडची कार्डं त्यांनी विंझरच्या मलेरियावाल्याला नेऊन दिली आणि आपल्याकडची स्वतः घेऊन फिरले. भात कापणीपासून होळीपर्यंत त्यांना वेळ लागला. मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पुण्याला त्या हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, कोण आपण. मामा म्हणाले, मलेरियावाला. मग डॉक्टरांनी मान वर केली. मामांनी एकेक कार्ड टेबलावर ठेवलं. प्रत्येकावर उत्तर होतं. एकावर लिहिलं होतं, 'हयात. भाकरी दुधात कुस्करून खातो.' एकावर, 'वारली. शेवटपर्यंत बोलत होती.'

"साहेब," मामा म्हणाले, "आपण सावड करू."

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी कसंबसं सांगितलं, की आमच्याकडे लावणीच्या वेळी आज सगळे माझ्या शेतात येतात, उद्या मी त्यांच्या शेतात जाते. त्यात मजुरी नसते, दिवसाला दिवस असतो.

"तुमची माणसं आमी हुडकून सांगतो," मामा पुढं म्हणाले. "आमची माणसं तुमी दारातनं परत लावू नका."

डॉक्टर हसतील असं मला वाटलं होतं. ते कार्डं पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. मग त्यांनी शिपायाला दोन खुर्च्या आणायला सांगितल्या.

त्या दिवशी एक चिठ्ठी ठरली. भोर आणि वेल्हे दोन्हीकडे एकच चिठ्ठी. ती दाखवली की माणसाला थेट आत घ्यायचं. तिच्यावरचा इंग्रजी मजकूर मी लिहिला. त्यात तीन चुका होत्या हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी तो तसाच छापून घेतला होता.

पुढच्या उन्हाळ्यात हिर्डोशीच्या एका बाईच्या गालात मामांना जखम दिसली. चाळिशीची असेल, पदरात तीन मुलं. चिठ्ठी घेऊन ती पुण्याला आली आणि तिला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले. रोज एक, सहा आठवडे. मी शनिवारी वॉर्डात जायची. तिसरा आठवडा संपला आणि आषाढ लागला. एका शनिवारी तिचा नवरा भिजलेलं घोंगडं घेऊन दारात उभा. तो न्यायला आला होता. रोप वाढून चाललं होतं, घरात लावणीला हात नव्हते, आणि वावर पडून राहिलं तर वर्षभर खायचं काय, असं तो विचारत होता. बाईनं गाठोडं आधीच बांधलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता सोडलं तर झालेले शेकही वाया गेले. जखम वाढेल.

मामा त्या दिवशी वॉर्डातच होते. ते नवऱ्याला म्हणाले, "आठ दिस द्या. मग न्या खुशाल."

हिर्डोशीत त्यांनी सावडीचं विचारलं तेव्हा लोकांनी सरळ नाही म्हटलं. त्यात खोट नव्हती. सावड फेडायला बाई नाही, मग तिच्यासाठी दिवस कोण घालणार? मामा म्हणाले, "तिच्या जागी म्या." त्यांनी रजा टाकली आणि आधी लोकांच्या शेतांत चिखलात उतरले. एकेका घराचा एकेक दिवस. त्यांच्या हाताला लावणीची सवय राहिली नव्हती. बाया हसायच्या, की रगतवाल्यांची ओळ म्हंजी वरंध्याचा घाट.

पण इकडे वॉर्डात बाईचा विश्वास बसेना. लावणी होतेय हा पुरुषांनी आणलेला निरोप तिला पटत नव्हता. ती मला म्हणाली, "ताई, तुमी जाऊन डोळ्यानं बगून या."

मी गेले. एसटी अर्ध्यातच थांबली, पुढं चालत. त्या बाईच्या खाचरात पावसात सात-आठ इरली ओळीनं वाकलेली दिसली. त्यातलं एक मामांचं होतं. माझ्याकडे पाहायला त्यांनी मानही वर केली नाही. मी बांधावर उभी राहिले. मला काय वाटलं ते मला अजूनही नीट लिहिता येत नाही. देवळात जाणाऱ्या लोकांना असं काही वाटत असेल.

परत आल्यावर बाईनं मला उलटतपासणीला घेतलं. खालच्या खाचरात पाणी ठरतंय का? ठरतंय, म्हटलं, बांधाला दगड बसवलाय. रोप कोणतं लावलं? आंबेमोहर. ती तरीही माझ्याकडे पाहतच होती. मग मी खरं ते सांगून टाकलं, की वरच्या तुकड्यातल्या ओळी फार वाकड्या झाल्यात.

ती हसली. हसताना गाल दुखला म्हणून तिनं हात लावला. मग गाठोडं सोडलं, लुगडं झटकून दांडीवर टाकलं आणि खाटेवर जाऊन बसली. शेक पुरे झाले. दिवाळीत तिची जखम भरली.

पुढच्या वर्षी मलेरियाची माणसं कमी केली आणि मामांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. माझी परीक्षा चालू होती. मी घरी आले तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. पत्र पाठवीन म्हणाले होते असं आई सांगते. अजून आलेलं नाही.

त्याच वर्षी आषाढात भोरच्या स्टँडवर मला ती हिर्डोशीची बाई भेटली. गालावर काळसर डाग राहिला होता, तोंड पुरतं उघडत नव्हतं, पण बोलणं समजत होतं. काखेत इरलं. कुठं निघालात, मी विचारलं.

"विंझरच्या पल्याड. तिथली एक बाई पुण्याला शेकाला गेलीया. वावर पडलंय म्हनं. तिथल्या रगतवाल्यांनी सांगावा धाडला."

"ओळखीची आहे?"

"न्हाई."

मी म्हणाले, "मामा तर आता इथं नाहीत."

"व्हय," ती म्हणाली. "म्हणून तर निगाले."

मी पुण्याला चालले होते. गाडी एकच, म्हणून आम्ही शेजारी बसलो. वेल्ह्याच्या फाट्यावर गाडी थांबली. पाऊस लागलेलाच होता. ती उतरली, इरलं डोक्यावर घेतलं आणि मागं वळून उभी राहिली. मला वाटलं, माझा निरोप घेते आहे. तेवढ्यात मागच्या बाकांवरून एकेक करत आणखी चौघी बाया उठल्या आणि आपापली इरली सांभाळत तिच्यामागं उतरल्या.