बाबांचा काळा-पांढरा व्हिडिओ

बाबांना कावीळ झालीय, एवढंच धाकट्या भावाला कळवलं होतं. यकृताच्या कॅन्सरचं सांगायचं नाही, ही बाबांची ताकीद. भाऊ मालवाहू जहाजावर होता. फोनवर म्हणाला, ताई, बाबांचा व्हिडिओ पाठव, बघून ठरवतो पुढच्या बंदरात उतरायचं की नाही.

पनवेलहून औषधं आणली, रिपोर्ट फाइलला लावले आणि दुपारी ओटीवर कॅमेरा तिपाईला बसवला. या कॅमेऱ्यात चित्र कसं हवं ते आधी निवडावं लागतं. स्टँडर्ड, पोर्ट्रेट, न्यूट्रल, मोनोक्रोम. प्रत्येकात थोडं थोडं घेऊन बघायचं ठरवलं.

स्टँडर्डमध्ये बाबांचे डोळे पिवळेजर्द. पोर्ट्रेटमध्ये गालांवर तजेला आला, पण डोळे तसेच. दोन्ही मी त्यांना मागच्या छोट्या पडद्यावर दाखवले. न्यूट्रलचं रेकॉर्डिंग चालू असतानाच ते हसत म्हणाले, "या वयात हलद लागली गो मना."

मग मोनोक्रोम, म्हणजे काळं-पांढरं. ते बाबांनी बराच वेळ बघितलं. आयुष्य मिठागरात गेलेलं. उन्हात मिचकावून बारीक झालेले डोळे त्यात नुसते थकलेले दिसत होते.

"हा बरा हाय. हाच पाठव."

मी म्हटलं, यात एकदा घेतलं की रंग मागून आणता येत नाही. त्याला खरं कळू दे.

"पोराची नोकरी हाय. मधीच उतरला तर परत कोन घेल त्याला?"

काळ्या-पांढऱ्यात मग बाबा मजेत बोलले. आंब्याला मोहर आलाय, घाई करू नको, काम पुरं करून ये. भावाचं उत्तर आलं: बाबा त्यांच्या लग्नातल्या फोटोसारखे दिसतायत, आता निर्धास्त झालो. तो उतरला नाही.

तो घरी आला तेव्हा बाबांचं बारावंही उरकलं होतं. पाहुणे गेल्यावर ओटीवर बसून त्याने विचारलं, "खरे कसे दिसत होते?"

चाचणीचे तुकडे मी पुसले नव्हते. न्यूट्रलमधला, रंग आहेत तसे दाखवणारा, काढून दिला. बाबा हळदीचं बोलून हसले, तसा तोही हसला. मग त्याने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"हा बघायला मिळाला असता तर आलो असतो गं."

त्याने तो तुकडा पुन्हा लावला. बॅटरी संपत आली होती. मी आत जाऊन दुसरी आणून त्याच्या हातात दिली.